आघाडीचा मानकरी कोण?

भारतीय हॉकी संघाची नावे जाहीर झाली, की क्रीडाशौकिनांत एक वाद सुरू होतो आणि तो पुढली नावे जाहीर होईपर्यंत शमत नाही. बचावफळीबद्दल सहसा कोणी भांडत नाही. गोलरक्षकाबद्दल तर श्रीजेशने निवृत्ती घेईपर्यंत भांडण्याचे कारणच नव्हते. वाद असतो तो आघाडीच्या फळीचा. मनदीप सिंगला अजून किती काळ खेळवायचे? अभिषेकला अधिक वेळ का मिळत नाही? सुखजीत चांगला, की दिलप्रीत? पॅरिसला जाणाऱ्या संघातून आकाशदीपला का वगळले? प्रत्येकाचा एक लाडका असतो आणि त्याच्यावर अन्याय होत आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. हा वाद व्हावा, असेच आम्हांस वाटते. ज्या खेळाविषयी लोक भांडत नाहीत तो खेळ लोकांच्या मनातून उतरलेला असतो, आणि आठ वेळा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या आपल्या हॉकीने तेही दिवस पाहिले आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की हा वाद ज्या मापाने चालतो ते माप खोटे आहे.

ते माप म्हणजे गोलांची संख्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचाच हिशेब घेऊ. कांस्यपदकापर्यंत पोहोचताना भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आणि तो बचावफळीतला खेळाडू! एक गोल मधल्या फळीतल्या विवेक सागर प्रसादचा. उरलेल्या चारांतले अभिषेकचे दोन, मनदीपचा एक व सुखजीतचा एक. ललित उपाध्याय व गुरजंत सिंग यांच्या नावापुढे शून्य. म्हणजे आघाडीच्या पाच खेळाडूंनी मिळून चार गोल केले. हे आकडे पुढे ठेवून अनेकांनी निकाल देऊन टाकला, की भारताला आघाडीची फळीच नाही. जी आहे ती हरमनप्रीतच्या पाठीवर बसून पॅरिसहून परत आली.

हा निकाल देणाऱ्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर चेंडू गोलात धाडला. पण तो कॉर्नर आला कोठून? बचाव करणाऱ्याने वर्तुळात चूक केल्याशिवाय, त्याच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय किंवा त्याने काठी आडवी घातल्याशिवाय सहसा कॉर्नर मिळत नाही. आणि ती चूक करावयास त्याला भाग पाडतो तो बहुतेक वेळा चेंडू घेऊन आत शिरणारा आघाडीचा खेळाडूच. कित्येकदा तो गोलाकडे पाहतही नाही. समोरच्याच्या पायाचा नेम धरून तो चेंडू ढकलतो, पंचांकडे वळतो आणि हात वर करतो. धावफलकावर नाव लागते कॉर्नर मारणाऱ्याचे. कॉर्नर मिळवणाऱ्याचे नाव पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिले तर राहिले.

याहून मोठे उदाहरण त्याच स्पर्धेतले आहे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. साठ मिनिटांचा सामना. उरलेली सुमारे त्रेचाळीस मिनिटे दहा जणांनी खेळायची. अशा वेळी सगळा भार बचावफळीवर पडतो असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी असते. एक माणूस कमी झाला, की मैदानात जी पोकळी पडते ती भरण्यासाठी आघाडीच्या खेळाडूंना मागे यावे लागते. चेंडू मिळाला, की पुन्हा पन्नास-साठ यार्ड पुढे धावावे लागते. आणि तो हिसकला गेला, की पुन्हा मागे. या धावण्याला ना टाळ्या पडतात ना त्याची कोठे गणना होते. रोहिदास बाहेर गेल्यानंतर अवघ्या पाच मिनिटांत भारताने गोल केला. ब्रिटनने मध्यंतरापूर्वी बरोबरी साधली. पण नंतरची दोन्ही सत्रे त्यांना दुसरा गोल करता आला नाही. सामना शूटआऊटवर गेला आणि भारताने तो ४-२ असा जिंकला. तेथे गोल कोणी केले? हरमनप्रीत, सुखजीत, ललित आणि राजकुमार पाल यांनी. गोलरक्षक समोर, हातात आठ सेकंद आणि मागे साऱ्या देशाची अपेक्षा, अशा क्षणी ललितने चेंडू जाळ्यात घातला. परंतु शूटआऊटचे गोल खेळाडूच्या खात्यावर चढत नाहीत. म्हणून पॅरिसच्या नोंदीत ललित उपाध्यायपुढे आजही शून्यच आहे. २०२५ च्या जूनमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती घेतली. ज्यांनी त्या शून्याकडे बोट दाखवून त्याला वगळण्याची मागणी केली होती, त्यांनी तो ब्रिटनचा सामना एकदा पुन्हा पाहावा.

दुसरा घोळ होतो तो ‘पहिल्या अकरांत कोण’ या प्रश्नाचा. हा प्रश्न आपण क्रिकेटमधून उचलला आहे. आपल्या गोव्यात तर फुटबॉलमधूनही उचलला आहे. क्रिकेटमध्ये अकरा म्हणजे अकरा. फुटबॉलमध्ये बदली खेळाडू येतो, पण जो बाहेर गेला तो परत येत नाही. हॉकीत १९९० च्या दशकापासून अमर्याद बदल करता येतात. खेळाडू चार-सहा मिनिटे जिवाच्या आकांताने धावतो, बाहेर येतो, पाणी पितो आणि पुन्हा आत जातो. पॅरिसच्या संघात सोळा खेळाडू होते व त्यांत आघाडीचे पाच. मैदानावर एका वेळी आघाडीचे तीन असतात असे धरले, तरी साठ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी छत्तीस मिनिटे येतात. राष्ट्रगीताच्या वेळी रांगेत कोण उभा होता याला मग फारसा अर्थ उरत नाही. चौथ्या सत्रात, एका गोलाने मागे असताना, समोरचा संघ थकलेला असताना मैदानावर कोण आहे, हा खरा प्रश्न. मोठी जबाबदारी म्हणजे सुरुवातीची जागा नव्हे, ही शेवटची दहा मिनिटे होत. तेवढ्यासाठी भांडणाऱ्यांनी जरूर भांडावे.

निवड करणारे कधीच चुकत नाहीत, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ते पूर्वीपासून चुकत आले आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची हकीकत नव्या पिढीला सांगावी अशी आहे. स्वतंत्र भारताचा तो पहिला ऑलिंपिक संघ. गोलरक्षक लिओ पिंटो, बचावफळीतला वॉल्टर डिसोझा यांसारखे गोमंतकीय रक्ताचे खेळाडू त्या संघात होते, हे गोव्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. त्या संघात बलबीर सिंग नावाचा चोवीस वर्षांचा एक तरुण होता. अर्जेंटिनाविरुद्ध त्याला खेळवले, भारत ९-१ असा जिंकला आणि त्या नवांतले सहा गोल बलबीरचे होते. पुढल्या सामन्यात तो कोठे असावा? बाहेर! स्पेनविरुद्धही नाही आणि हॉलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही नाही. हॉलंडविरुद्ध भारत कसाबसा २-१ ने सुटला. अंतिम सामना वेम्बलीवर, ज्यांचे राज्य येथून जाऊन पुरते वर्ष झाले नव्हते त्या ब्रिटनशी. तेथे मात्र बलबीरला घेतले. भारत ४-० ने जिंकला आणि पहिले दोन्ही गोल बलबीरचे होते. चार वर्षांनी हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात याच बलबीरने हॉलंडवर एकट्याने पाच गोल चढवले.

सहा गोल करणाऱ्याला वगळण्यामागे कोणती कारणमीमांसा होती हे समजण्यास आज मार्ग नाही. कारण कारण सांगण्याची पद्धतच नव्हती. अर्धशतकानंतरही ती रूढ झाली नव्हती. १९९८ च्या डिसेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताने बत्तीस वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. संघनायक होता पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले, त्या काळातला आपला सर्वांत वेगवान आघाडीपटू. पदकाचा गुलाल अंगावरून उतरतो न उतरतो तोच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून काढण्यात आले. विश्रांती असे त्याला गोड नाव दिले गेले. ज्याने विश्रांती मागितली नाही त्याला ती सक्तीने देणे, याला आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे. धनराज परत आला, चार ऑलिंपिक खेळला, ही गोष्ट वेगळी. परंतु त्या निर्णयामुळे विजयाच्या ऐन भरात जो संघ विस्कटला तो काही तसाच परत आला नाही.

उलट बाजूही आहे. टोकियो ऑलिंपिकसाठी सिमरनजित सिंगचे नाव राखीव खेळाडूंत होते. कोरोनाच्या साथीमुळे संघाची संख्या सोळावरून अठरा करण्याची मुभा मिळाली म्हणून तो आत आला. नाही तर त्याने सारे सामने बाहेरूनच पाहिले असते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात भारत ३-१ ने मागे पडला होता आणि अखेर ५-४ ने जिंकला. त्या पाचांतले दोन गोल सिमरनजितचे. एकेचाळीस वर्षांनंतर मिळालेल्या पदकात अशा माणसाचा वाटा आहे, ज्याचे नाव मूळ यादीत नव्हते. सोळांच्या यादीत नसलेला खेळाडू सोळांपेक्षा कमी दर्जाचा असतो, या समजुतीला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आता ज्यावरून हा वाद आहे त्या नावांबद्दल आमचे मत. अभिषेकला अधिक जबाबदारी मिळावी या पक्षाचे आम्ही आहोत. पॅरिसमध्ये बेल्जियम व ऑस्ट्रेलिया या दोन बलाढ्य संघांविरुद्ध भारताचा पहिला गोल त्याचाच होता, आणि तो कॉर्नरवरचा नव्हे, चालत्या खेळातला. ऑस्ट्रेलियावरचा तो विजय ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतरचा पहिला होता. २०२५ च्या आशिया चषकात, राजगीर येथे, त्याने कझाकस्तानवर चार गोल केले. कझाकस्तानवरचे गोल आम्ही फारसे धरत नाही, तेथे भारताने पंधरा केले होते. पण चीनवर केलेले दोन जरूर धरतो. अरुंद जागेत चेंडू घेऊन गर्रकन वळावे आणि काठी फारशी मागे न नेता उलट्या हाताने तडाखा द्यावा, हे त्याला साधते. सामन्याच्या शेवटी, जेव्हा जागा मिळत नाही, तेव्हा असा खेळाडू लागतो.

परंतु त्यासाठी मनदीपला ढकलून काढावे हे आम्हांस मान्य नाही. मनदीप वर्तुळात चेंडूची वाट पाहत उभा असतो म्हणून तो आळशी दिसतो. खरे तर त्याला सांभाळण्यासाठी समोरच्या संघाचा एक माणूस गुंतून पडतो आणि तेवढी जागा इतरांना मोकळी होते. ही कला शिकवून येत नाही, आणि ती ज्याला येते तो निवृत्त झाल्यावर तिची किंमत कळते. सुखजीतविषयी वाद नसावाच. समोरचा बचावपटू चेंडू बाहेर काढू लागला, की त्याच्यावर पहिली झडप घालणारा हा गडी राजगीरच्या अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटाला गोल करून गेला.

राहिला दिलप्रीत. टोकियोच्या संघात होता, पॅरिसच्या नव्हता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी आशिया चषकाच्या त्याच अंतिम सामन्यात भारताने कोरियाला ४-१ असे हरवून २०२६ च्या विश्वचषकातली जागा पक्की केली, तेव्हा चारांतले दोन गोल त्याचे होते. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची संख्या त्या रात्रीत दुप्पट झाली असेल. आम्हांस त्या दोन गोलांपेक्षा मधल्या काळाचे महत्त्व अधिक वाटते. एका ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेला तरुण पुढल्या ऑलिंपिकच्या वेळी घरी बसतो. त्याची गती कमी पडली, की मागे येऊन बचाव करण्यात तो उणा ठरला, की नुसताच दुसऱ्या कोणाला जागा करून द्यायची होती? हे त्याला नेमके सांगितले गेले असेल, तर तो त्यावर मेहनत करून परत येतो. सांगितले गेले नसेल, तर तो नशिबाला दोष देत बसतो आणि शौकीन मंडळी निवड समितीच्या हेतूंवर तर्क लढवतात. कोण किती मिनिटे खेळला, किती कॉर्नर मिळवले, किती वेळा चेंडू परत हिसकला, या साऱ्याच्या नोंदी आजकाल प्रशिक्षकांच्या यंत्रांत प्रत्येक सामन्यानंतर तयार असतात. त्यांतला थोडा भाग तरी लोकांसमोर ठेवण्यात कसली अडचण आहे? प्रतिस्पर्ध्याला आपले गुपित कळेल म्हणावे, तर तोही हेच सामने कॅमेऱ्यातून पाहत असतो.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत म्हापशाच्या पेडे मैदानावर हॉकीचे सामने झाले. आपल्याकडे फुटबॉलपुढे हॉकीला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनाही तेव्हा हा खेळ जवळून पाहता आला. तो पाहून एखाद्या मुलाने काठी हाती धरली असेल, तर पुढे कधीतरी त्याचेही नाव एखाद्या यादीतून गळेल, कारण यादीत जागा थोड्या असतात. २०२८ ला लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे. तेथे जाणाऱ्या आघाडीपटूंत दिलप्रीत असेल की नाही, हे आज कोणी सांगू शकणार नाही. नसला, तर का नाही, हे निवड समितीला त्या दिवशी सांगता आले पाहिजे, आणि ते आधी त्याला सांगितलेले असले पाहिजे.