गंगाखेडच्या मोंढ्यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, परभणी.

मार्फत : मा. उपविभागीय अधिकारी, गंगाखेड.

विषय : गंगाखेड येथे सीताफळ संकलन व गर प्रक्रिया केंद्र उभारणे आणि सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी शेतमाल तारण व हमीभाव खरेदीची व्यवस्था लावणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे गंगाखेड तालुक्यातले शेतकरी, मोंढ्यातले हमाल-मापारी आणि आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या महिला आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

आमच्या तालुक्याचे दोन तोंडवळे आहेत. गोदाकाठच्या काळ्या रानात कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस. दक्षिणेला बालाघाटचा डोंगरपट्टा, मुरमाड आणि उताराचा, जिथे सीताफळ बिनपाण्याचे आणि बिनलागवडीचेही येते. दोन्हीकडचा माल गंगाखेडलाच उतरतो. परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या बाजाराचे आहे. पण इथे माल फक्त हात बदलतो. सोयाबीन तेलासाठी बाहेर जाते, सीताफळ पुण्या-हैदराबादच्या गाडीत चढते. गावाच्या वाट्याला येते ती हमाली आणि तोलाई.

हे असेच चालायचे, असे म्हणायची सोय नाही, कारण याच राज्याने वेगळे करून दाखवले आहे. 2001 साली शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे केले. विंचूर हे निफाड तालुक्यातले आपल्यासारखेच बाजाराचे गाव. द्राक्ष तोडल्यावर वाट पाहत नाही, म्हणून प्रक्रिया बागेजवळच हवी, हे शासनाने तेव्हा ओळखले होते. पुढे सगळेच द्राक्षवाले सुखी झाले असे आम्ही म्हणत नाही. त्यांचीही दुखणी आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. आणि गैरसमज नको म्हणून लिहितो, गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव आहे, आम्ही वायनरी मागायला आलेलो नाही. नाशवंत फळाची सोय फळाच्या गावातच करावी, एवढे तत्त्व त्यातून घ्यावे.

सीताफळ तर द्राक्षापेक्षाही नाजूक. डोळे उघडले की फळ तोडायचे. नंतर दोन-चार दिवसांत ते पिकते आणि पिकले की हाताळता येत नाही. डोंगरातून पाटीने आणलेले फळ संध्याकाळपर्यंत विकले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याचा भाव बाईने सांगायचा नसतो, घेणाऱ्याने सांगायचा असतो. व्यापाऱ्यालाही यात फार दोष देता येत नाही, वाटेत सडणारा माल तो आधीच भावातून वजा करतो. वेचणारीच्या हातात सगळ्यात कमी येते ते यामुळे.

यावर उपाय गर काढून गोठवण्याचा आहे. सीताफळाचा गर आंब्याच्या रसासारखा तापवून डबाबंद करता येत नाही; तापवला की तो कडवट होतो, काळा पडतो. तो झटपट गोठवून उणे 18 ते 20 अंशांत ठेवावा लागतो. तसा ठेवला तर तो आइसक्रीम, रबडी, मिठाईवाल्यांना वर्षभर विकता येतो. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या आदिवासी महिलांनी अरवलीतल्या रानसीताफळाचे हेच केले आहे. शेजारच्या बीड जिल्ह्याने सीताफळाचे भौगोलिक मानांकन मिळवले आहे. बालाघाट मात्र बीडच्या हद्दीवर संपत नाही.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, गंगाखेड येथे सीताफळाचे संकलन, प्रतवारी, गर काढणी व शीघ्र गोठवणीचे सामाईक केंद्र उभारावे. मोठा कारखाना नको. सावलीचा ओटा, गर काढण्याची यंत्रे, गोठवण कक्ष आणि एक शीतगृह पुरे. हंगाम सरल्यावर तेच शीतगृह चिंचेला उपयोगी पडेल. ते महिला बचत गटांच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या हाती द्यावे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत सामाईक सुविधेला 35 टक्के अनुदान आहे, पण उरलेले 65 टक्के डोंगरातल्या बायांनी कुठून आणायचे? आपण त्या योजनेच्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव आहात. दोन्ही निधींची सांगड आपल्याच टेबलावर घातली जाऊ शकते. केंद्राला अखंड वीज मिळेल अशी स्वतंत्र वाहिनी किंवा सौर जोडणी सुरुवातीलाच मंजूर करावी. ती नसेल तर इमारत बांधूच नये, कारण वीज गेल्यावर गर वाचत नाही. तांत्रिक मार्गदर्शनासाठी फार लांब जायला नको. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय परभणीतच आहे आणि सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला.

दुसरी मागणी सोयाबीनची. 2025-26 च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. पण तो 12 टक्के ओलीच्या मालाला. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रब्बीच्या बियाण्याला आणि सणाला पैसा लागतो, त्याच वेळी रानातून ओला माल येतो आणि ओल दाखवून भाव पाडला जातो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात शेंगेतच काळे पडलेले सोयाबीन आम्ही याच काट्यावर घातले आहे. 2024 च्या हंगामात केंद्राने ओलीची मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. पावसाळी वर्षी ही सवलत आवक सुरू होण्याआधी मिळावी, असा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा. खरेदी केंद्र व बारदाना वेळेत यावा. ओल मापायचे यंत्र ढिगाजवळ, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत लावावे आणि आलेला आकडा हिशेबपट्टीवर लिहावा.

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990 पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने उचलायची, भाव आला की विकायचे. कागदावर यापेक्षा चांगली योजना आम्हाला सुचणार नाही. मात्र लहान शेतकऱ्याचे दहा-वीस कट्टे घ्यायला गोदामात कोरडी जागा लागते आणि त्याच आठवड्यात पैसे लागतात. मा. जिल्हा उपनिबंधकांमार्फत हंगामापूर्वी गोदामाची जागा राखून ठेवावी व योजनेचा फलक मोंढ्याच्या दारावर लावावा.

याशिवाय आठवडी बाजारात छताचे ओटे, पिण्याचे पाणी आणि महिलांसाठी कुलूप लावून न ठेवलेले स्वच्छतागृह द्यावे. हमालांची माथाडी कायद्याखालची नोंदणी पूर्ण करून घ्यावी.

सीताफळ आणि सोयाबीन एकाच सुमारास बाजारात येतात. दिवाळीनंतर घेतलेला निर्णय पुढच्या वर्षीच्याच कामाचा. तेव्हा पोळ्यापूर्वी कृषी, पणन, सहकार आणि वीज वितरण या चारही खात्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक आपण गंगाखेडलाच लावावी आणि तीत आमच्या प्रतिनिधींना, त्यातही डोंगरपट्ट्यातल्या महिलांना, बोलवावे, ही विनंती.

कळावे.

आपले विश्वासू,
गंगाखेड तालुक्यातील शेतकरी, हमाल-मापारी व फळविक्रेत्या महिला
(सह्या व अंगठे सोबतच्या पानांवर)

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव :
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, परभणी
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, परभणी
मा. तहसीलदार, गंगाखेड
मा. सचिव, कृषी उत्पन्न बाजार समिती, गंगाखेड