प्रश्न चारशेविसाचा नाही, ‘श्री’चा आहे

राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’चा (१९५५) विषय निघाला की आपली मंडळी हळवी होतात. आखूड विजार, जपानी बुटांचे गाणे, पावसात एका छत्रीखालचे राज आणि नर्गिस, एवढ्यावर चर्चा संपते. स्मरणरंजनाच्या या पाकात चित्रपटाचा मूळ आशय विरघळवून टाकण्याचे काम प्रस्थापित वृत्तपत्रे वर्षानुवर्षे इमानेइतबारे करीत आली आहेत. सहकाऱ्यांनी तरी त्यांची री ओढू नये.

ख्वाजा अहमद अब्बास यांची ही कथा, पटकथेत व्ही. पी. साठे यांचा वाटा. बी. ए. झालेला एक बेकार तरुण मुंबईस येतो आणि प्रामाणिकपणाचे पदक गहाण टाकतो. पत्ते पिसण्यात त्याचा हात चालतो, म्हणून श्रीमंतांच्या जुगारात त्याला मान मिळतो. येथवर तो केवळ भुरटा आहे. खरी फसवणूक सेठ सोनाचंद धर्मानंद करतो, आणि ती कायदेशीर कंपनीच्या नावाने करतो. ‘जनता घर’ ही त्याची योजना: शंभर रुपये भरा, घर मिळवा. पदपथावर निजणाऱ्यांच्या निवाऱ्याच्या भुकेवरच हे भांडवल उभे राहते. सोने आणि धर्म ही दोन्ही नावे एकाच माणसाला देणाऱ्या लेखकाला काय म्हणावयाचे होते, हे का सांगावयास हवे?

नेमो यांनी हा सेठ आरडाओरडा न करता रंगविला आहे. त्याची तृप्त सभ्यताच अंगावर येते. ललिता पवार यांची केळेवाली गंगामाई तिच्या नेमकी समोर उभी राहते. तिच्या प्रेमळ शिवीत जितकी माणुसकी आहे तितकी सेठच्या दिवाणखान्यात नाही. राधू कर्मकारांच्या छायाप्रकाशात पदपथ आणि क्लब ही दोन शहरे वाटतात. मात्र सद्गुण विद्येच्या साडीत आणि पाप नादिराच्या मायेच्या झगझगीत पोशाखात, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. भांडवलदाराच्या पापाचे ओझे सिगारेट ओढणाऱ्या बाईच्या माथी का?

शेवटाचीही तीच कथा. राज सेठवर डाव उलटवितो, पोलीस येतात. लोकांनी एकजूट करावी, असे नायक सांगतो खरा. पण लोक ऐकत उभे असतात. ज्यांचे शंभर-शंभर रुपये गेले, त्यांच्यातून एकही पुढारी उभा राहत नाही. नायकाच्या मनःपरिवर्तनावर सारे सोपविणे ही अब्बासांसारख्या डाव्या लेखकाची माघारच होती.

ज्या कलमावरून हे नाव आले ते भारतीय दंडविधान १ जुलै २०२४ रोजी गेले. फसवणूक आता न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात आहे. आकडा बदलला, ‘श्री’ जागच्या जागी आहे. आगाऊ रकमा घेऊन घर न देणाऱ्या बिल्डरांसाठी २०१६ साली कायदा करावा लागला, २०१७ साली ‘महारेरा’ स्थापन झाले. वसुलीचे आदेश निघतात. पण प्रत्यक्ष वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि कित्येक ग्राहक तेथे खेटे घालीत राहतात. ते प्रत्येकजण एकटे जातात, हातात आपापली फाईल घेऊन.