पहिलीत गेले आणि काट्यावरून उतरले

सप्टेंबरचे पहिले सात दिवस म्हणजे राष्ट्रीय पोषण सप्ताह. 1982 पासून दर वर्षी तो पाळला जातो. आर्वी तालुक्यातल्या अंगणवाड्यांत पाककृती मांडल्या जातात, सेविका लेकरांची वजने घेतात. तुटपुंज्या मानधनावर चालणाऱ्या त्यांच्या कामाचा आम्हाला आदर आहे. काळजी वाटते ती सहा वर्षांचे होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या पोराची. अंगणवाडीत दर महिन्याला त्याचे वजन नोंदले जाई. आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येते. मधल्या महिन्यांत ते वाढले की खंगले, याची नोंद ठेवणारे कोणी नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुले कमी वजनाची आणि 35.2 टक्के वयाच्या मानाने बुटकी आढळली. त्यातली कितीतरी आज प्राथमिक शाळेच्या बाकांवर आहेत. पहिलीत नाव घातल्याने त्यांचे कुपोषण संपलेले नाही.

शिवाय नुसते वजनही पुरते सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर मायबहिणींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू फार कमी भरले, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. बाहेरून रोड, आतून चरबीकडे झुकलेले असे हे शरीर. अशा मुलाला साखर-तेल चारून काटा पुढे सरकवता येईल, पण स्नायू त्याने भरत नाहीत, आणि मधुमेहाची वाट तेवढी सोपी होते. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली 5 ते 9 वर्षांची 23 टक्के मुले रोडावलेली होती. त्याच सर्वेक्षणात शाळकरी वयातल्या सुमारे 10 टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडली. उपासमार आणि मधुमेह ही आता दोन वेगळ्या घरांची दुखणी राहिलेली नाहीत.

म्हणून शाळेच्या खिचडीकडे नीट पाहिले पाहिजे. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने द्यायची, त्यासाठी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, असा नियम आहे. हिशेब केला तर त्या 12 ग्रॅममधला निम्म्याहून मोठा वाटा तांदळाचाच निघतो. डाळीतून येतात जेमतेम साडेचार ग्रॅम. वरण पातळ झाले की तेवढेही नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला. लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. ज्या गावात पोरे उपाशी, त्याच गावाने वर्गणी काढायची, हा न्याय आम्हाला पटत नाही. हा निधी परत मिळालाच पाहिजे.

डाळ तर तालुक्यातच पिकते. आर्वीच्या बाजार समितीत तुरीची पोती येतात आणि बाहेर जातात. याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1930 च्या दशकात गांधीजी आणि त्यांचे सहकारी कुमारप्पा हातसडीच्या तांदळाचा, घाण्याच्या तेलाचा आग्रह धरत होते. गावात पिकलेले गावाच्या ताटात यावे, हा विचार इथल्या मातीला नवा नाही. तालुक्यातली तूर आणि चना शाळेच्या पातेल्यात थेट आणायला पंचायत समितीने पुढाकार घ्यावा. पोरांना रोज मैदानावर सोडावे, कारण खेळल्याशिवाय स्नायू धरत नाहीत. आणि अंगणवाडीचे वाढीचे पत्रक पहिलीच्या दाखल्यासोबत शाळेत पोचावे. दर तीन महिन्यांनी त्यात वजन, उंची आणि दंडाचा घेर भरला जावा. त्याला लागतो एक काटा, एक टेप आणि तासभराचा वेळ. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिली नोंद होऊ शकते.