कोंबडी विकणार नाही, भाजीही सोडणार नाही

या आषाढात आमच्या पाड्यावर एका सकाळी सात कोंबड्या आणि एक कुत्रा मेला. साथ नव्हती, साप नव्हता. गोगलगायीचं औषध होतं.

झालं असं. झड लागली आणि परसातल्या भाजीवर शेंबड्या चढल्या. शेंबडी म्हणजे पाठीवर शंख नसलेली गोगलगाय. रातची निघते, काकडी-शिराळ्याचे कोवळे कोंब बुडापासून खाते, सकाळी पानावर नुसती चकाकणारी रेघ राहते. जीपमधून एक साहेब आले. पुड्या वाटल्या. "भाजीभोवती टाका, पाच मिनिटांचं काम," म्हणाले आणि गेले. पुडीवर मराठीत एक अक्षर नव्हतं. आमच्यात बारावीपर्यंत शिकलेले आहेत, त्यांनीही इंग्रजी नीट वाचून बघितलं नाही. ही आमची चूक, ती आम्ही कबूल करतो.

पुडीतलं विष म्हणजे मेटाल्डिहाइड. गोगलगायीने खावं म्हणून ते धान्याच्या पिठात घालून त्याचे दाणे करतात. आता धान्याचा वास आला तर कोंबडी काय तोंड फिरवील? तिने दाणे टिपले, कुत्र्याने चाटले. थरकाप सुटला, झटके आले आणि संपलं. यावर उतारा औषध नाही. या विषाने मेलेली शेंबडी कोंबडीने खाल्ली तरी धोका आहे. शिवाय हे विष शेंबडीच्या अंगातलं पाणी काढून तिला मारतं. उन्हात ते चालतं. जव्हार-मोखाड्याच्या पावसात दाणे विरघळतात आणि अर्धमेली शेंबडी पाणी पिऊन पुन्हा उठते. म्हणजे शेंबडी जगली, कोंबडी मेली.

आम्ही साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "कोंबड्या पाळायच्या तर भाजीचा नाद सोडा. भाजी करायची तर कोंबड्या विकून टाका. दोन्ही एकत्र चालत नाही." त्याच आठवड्यात सायकलला टोपली बांधून कोंबडीचा व्यापारी आला आणि निम्म्या भावाने मागायला लागला. दोघांचं संगनमत होतं असं आम्ही म्हणत नाही. पण साहेबांच्या शब्दांवर धंदा व्यापाऱ्याचा झाला असता, एवढं आम्हाला दिसतं.

बायांनो, भावांनो, ही भाषा आपल्याला नवी नाही. जंगल राखायचं तर आदिवासी हलवा. झाडं पाहिजेत तर नाचणी-वरई बंद करा. दोन गोष्टी एका जागी नांदू शकतात हे यांच्या डोक्यातच येत नाही. ज्यांना जंगल आणि माणूस एकत्र दिसत नाही, त्यांना कोंबडी आणि काकडी एकत्र कशी दिसणार? आणि दोन्हीतलं एक सोडा म्हणतात तेव्हा सोडायचं नेहमी आपणच.

कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात कोंबड्या कशाला? म्हणून सांगतो. प्लॉट आधीपासून आपणच कसतो हे दाखवायला आपण वर्षानुवर्षं तालुक्याच्या खेपा घालतो. त्या खेपेचं एस.टी.चं भाडं कशातून येतं? बाई अंडी विकते, कोंबडी विकते, त्यातून येतं. सावकाराच्या दारात न जाता जे चार पैसे हातात येतात ते कोंबडीचे. 1992 साली वावर-वांगणीला पोरं कुपोषणाने दगावली. तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. पोराच्या ताटात अंडं आणि भाजी पडावी हे सगळेच सांगतात. मग अंडं आणि भाजी यातलं एक सोडा असं कोणत्या तोंडाने सांगता?

आता उपाय. यातला बराचसा आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनी सांगितला, काही आम्ही करून बघितला. मूळ गोष्ट एवढी की शेंबडी रातची आणि कोंबडी दिवसाची. दोघींची गाठ आपोआप पडत नाही, ती घालून द्यावी लागते.

पहिलं, पावसाआधी. जेठात परस खणला की आठ-दहा दिवस कोंबड्या मोकळ्या सोडा. दगड उलटे करा, कुजका पाला ओढून काढा. ढेकळाखाली साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी दिसतील, ती शेंबडीची. कोंबडी ती वेचून खाते, वर खतही टाकते. अर्धं काम इथेच होतं.

दुसरं, पेरणीनंतर. आता कोंबडी आत नको, कारण ती शेंबडीच्या आधी रोप उकरते. बांबूचा, कारवीचा कुड घाला. गावठी कोंबडी उडते, म्हणून एकाच पंखाची लांब पिसं कापा. कोवळ्या रोपांभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या टाका. कुडाला चार कारव्या आणल्या म्हणून गार्ड अडवील. त्याला एकट्याने भेटू नका, पाड्याने भेटा.

तिसरं, झडीच्या दिवसात. सांजेला ओलं गोणपाट किंवा जुनी फळी वाफ्यात टाका, खाली काकडीची सालं ठेवा. उजाडायच्या आत उचला. शेंबड्या खाली गोळा झालेल्या असतात. काडीने उचला, हाताने नको, आणि नंतर हात धुवा. बारक्या तेवढ्या कोंबडीला टाका, त्याही थोड्याच. फार खाल्ल्या तर कोंबडीला जंत होतात आणि मोठी चिकट शेंबडी ती खातही नाही. उरलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून पुरा. मीठ थेट वाफ्यात टाकू नका, जमीन नासते. राख उघडीप असेल तेव्हाच कामाची, भिजली की शेंबडी तिच्यावरून चालत जाते.

चौथं, वेल मांडवावर चढले आणि खोड टणक झालं की दिवस मावळायच्या आधी तासभर कोंबड्या आत सोडा. अंधार पडायला लागला की त्या आपल्या पायांनी खुराड्यात जातात, हाकलावं लागत नाही. पिल्लांची कोंबडी असेल तर तिला वाफ्याच्या कडेला डाल्याखाली ठेवा आणि पिल्लं मोकळी सोडा. पिल्लं बारक्या शेंबड्या टिपतात, उकरणारी आई डाल्यात असते. मात्र घार आणि मुंगसावर एका पोराचा डोळा पाहिजे.

यात पाच मिनिटांचं काम एकही नाही हे खरं. रोज पहाटे उठावं लागतं. पण उधारी नाही, मेलेली कोंबडी नाही.

आता थोडं आपल्या घरात बघू. कोंबडी पाळते बाई, दाणे टाकते बाई, पहाटे गोणपाट उचलणारीही बाईच होणार. आणि कोंबडी विकायची ठरवतो कोण? बाप्या. गार्ड आला की अंगणातली कोंबडी धरून त्याच्या हातात देतो कोण? तोही बाप्याच, आणि बाईला विचारत नाही. साहेबाने दोन दिवसात सात कोंबड्या मारल्या असतील, पण गार्डला दिलेल्या कोंबड्या मोजायला बसलो तर हिशेब लागणार नाही. पुन्हा शेजाऱ्याची कोंबडी वाफ्यात शिरली म्हणून आपण एकमेकांची डोकी फोडतो. आमच्या पाड्यावर आता असं ठरलं आहे: पेरणीपासून वेल चढेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या सकाळी आवरायच्या, कुड सगळ्यांनी मिळून घालायचा, आणि बाईला विचारल्याशिवाय अंगणातली कोंबडी कुणाच्याही हातात द्यायची नाही. पहिल्या पंधरा दिवसात दोन भांडणं झाली. ती बैठकीत मिटली, पोलीस पाटलाकडे गेली नाहीत.

आमचं मागणं साधं आहे. ज्या पुडीवर मराठीत लिहिलेलं नाही ती पाड्यावर वाटू नये. विष वाटायचं तर कोंबडी, कुत्रं, पोर यांना काय होतं ते आधी सभेत सांगावं. मेलेल्या कोंबड्यांची भरपाई त्या घरांना मिळावी. आणि शेती शिकवायला येणाऱ्याने आधी अर्धा दिवस आमच्या परसात बसावं. कोणती वस्तू कोणत्या वेळेला कुठे सोडायची हे आमच्या आज्या जाणतात. त्यांना विचारायची लाज साहेबालाही वाटू नये आणि आम्हा शिकलेल्या पोरांनाही.

ज्यांच्याकडे त्या पुड्या अजून असतील त्यांनी त्या उघडू नका, नदी-ओहोळात टाकू नका, चुलीत घालू नका. पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा जपून ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या एका पिशवीत घालून ज्याने दिल्या त्याच्या टेबलावर ठेवायच्या आहेत. सोबत काकडीही नेऊ, म्हणजे कोंबड्या असताना भाजी होते की नाही ते साहेबांना खाऊन बघता येईल.