भरपाई ही भीक नव्हे

शहर वाढते आहे याचा आनंद मानणाऱ्यांत आम्हीही आहोत. सुपर कॉरिडॉरवर ३१ मे २०२५ पासून मेट्रो धावू लागली. बायपासच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उभ्या राहिल्या. रामबाग, नंदलालपुरा, लोकमान्य नगर या आपल्या जुन्या वस्त्यांतही वाडे आणि बैठी घरे पाडून तेथे बहुमजली सदनिका उठत आहेत. स्वच्छतेच्या राष्ट्रीय स्पर्धेतील पहिल्या क्रमांकाचा उल्लेख तर आपण पाहुण्यांपुढे चहाच्या आधी करतो. या सगळ्या उत्कर्षात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. परांचीवरून जो खाली पडतो, त्याचे पुढे काय होते?

वर्तमानपत्रातील बातमीला ठरलेला शेवट असतो. जखमीला एम. वाय. रुग्णालयात हलविले, ठेकेदारावर गुन्हा दाखल केला, शासनाने साहाय्य जाहीर केले. वाचकाला वाटते, न्यायाची व्यवस्था झाली. वस्तुतः या तीनही गोष्टींत न्याय अजून सुरूच झालेला नसतो. गुन्हा दाखल होणे ही शिक्षेची वाट आहे, भरपाईची नव्हे. त्या खटल्यात ठेकेदाराला उद्या शिक्षा झाली तरी जखमीच्या घरात त्यामुळे हक्काची भरपाई येत नाही. शासनाचे साहाय्य हे शासनाचे औदार्य आहे, मालकाचे देणे नव्हे. मालकाचे देणे हा तिसराच विषय आहे आणि त्याच्याविषयी बातमीत अवाक्षर नसते.

ऑगस्ट २०२४ मधील चोरलची घटना अनेकांच्या स्मरणात असेल. महू तहसिलीतील त्या गावी एका फार्महाऊसचे बांधकाम चालू होते. नव्याने घातलेला स्लॅब रात्री कोसळला आणि त्याखाली झोपलेले ५ मजूर दगावले. ओल्या स्लॅबखाली माणसे का झोपली, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. त्या प्रश्नाचा रोख मजुरांकडेच होता. आम्हाला तो प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. दुसरी कोणती जागा त्यांना दिली होती? दहा किंवा अधिक मजूर असतील तेथे तात्पुरत्या निवाऱ्याची जबाबदारी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर टाकली होती. मजूर दहाहून कमी असले की तो कायदा दृष्टी फिरवीत असे. फार्महाऊस आणि बंगले बांधणाऱ्या लहान टोळ्या नेमक्या याच फटीतून खाली पडत आल्या.

भरपाईच्या कायद्याला मात्र इमारतीच्या कामापुरती ही दहाची अट कधीच नव्हती, आणि हेच आपल्याला ठाऊक नाही. हा कायदा काल-परवाचा नाही. १९२३ साली तो संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या वेळच्या केंद्रीय विधिमंडळात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी हे आपले मराठी गृहस्थ बसत होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, त्यांचा जन्म याच महूतला. ज्या तहसिलीत त्यांची जन्मभूमी आहे, तेथेच स्लॅबखाली मेलेल्या मजुराच्या वारसाला आपला हक्क कोणता हे सांगायला माणूस शोधावा लागावा, हा योगायोग आम्हाला लाजिरवाणा वाटतो.

कायद्याचे तत्त्व साधे आहे. कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली की मालक देणेकरी होतो. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. मूळ बिल्डरने काम ठेकेदाराला दिले आणि ठेकेदाराने मुकादमाला, तरी बिल्डर सुटत नाही. त्याने आधी भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. रक्कम कोणाच्या मर्जीवर नाही, ती सूत्राने ठरते. जानेवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने हिशेबासाठी मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये केली. त्या मर्यादेने तीस वर्षांच्या मजुराचा हिशेब मांडून पाहा. वेतनाच्या निम्मे म्हणजे ७,५००, गुणिले त्या वयाचा गुणांक २०७.९८, मृत्यू आल्यास वारसांना १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के, म्हणजे १८,७१,८२० रुपये. मृतापेक्षा अपंगाला अधिक का, तर त्याला अजून जगायचे असते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याखेरीज. महिन्याभरात पैसे न दिल्यास बारा टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पाटी बदलली, तत्त्व तेच राहिले. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही नव्या संहितेत विचारात घेतला आहे. त्याआधीच्या दुर्घटनेचा हक्क या बदलाने बुडत नाही. तथापि, ‘कायदाच रद्द झाला’ असे सांगून अडाणी माणसाला वाटेला लावणारे निघतील, म्हणून हे स्पष्ट लिहून ठेवतो.

आता या हक्काच्या जागी प्रत्यक्षात काय मिळते ते पाहा. रुग्णालयाच्या ओसरीवर मुकादम येतो. पन्नास हजारांची गड्डी, एक मुद्रांक कागद, त्यावर ‘आमची काही तक्रार नाही’ असा मजकूर आणि खाली अंगठा. आयुष्य शासकीय कागदांत घालविल्यामुळे कोणता कागद किती वजनाचा असतो हे आम्ही जाणतो. हा कागद वजनाचा नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने निरर्थक आहे, आणि मृत्यूच्या प्रकरणात भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. परंतु ज्याने अंगठा दिला त्याला हे कोण सांगणार? त्याच्या दृष्टीने तो कागद म्हणजे ब्रह्मवाक्य असते. पोराबाळांना घेऊन तो झाबुआच्या किंवा अलीराजपूरच्या गाडीत बसतो आणि प्रकरण मिटते.

या ‘मिटविण्या’चे समर्थन आपल्याच बैठकांत होते. तीन युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकले आहेत, त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला: मजूर स्वतःच बेफिकीर; टोपी घालीत नाही, पट्टा बांधीत नाही, दारू पितो. असेल. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता ही सबब मालकाला उपलब्धच नाही, असे कायदा १९९५ च्या दुरुस्तीपासून सांगत आला आहे. आणि सातव्या मजल्यावर ज्याला पट्टा दिलाच नाही, त्याने तो बांधला नाही हा दोष कोणाचा?

दुसरा: शासन देतेच की. खरे आहे, २०१८ पासूनच्या संबल योजनेत नोंद असलेल्या श्रमिकाचा अपघाती मृत्यू झाल्यास चार लाख रुपये आहेत. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन कल्याण मंडळही चालविले जाते. परंतु नोंद नसेल तर दारात उभे राहता येत नाही, हा एक भाग. दुसरा भाग असा की या निधीची कथा फारशी भूषणावह नाही. देशभरात गोळा झालेल्या हजारो कोटींतून कोठे लॅपटॉप, कोठे धुलाई यंत्रे खरेदी झाल्याचे महालेखापरीक्षकांनी सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ साली मांडले होते. आणि समजा, चार लाख वेळेवर मिळाले, तरी मालकाचे साडेपंधरा लाख त्यामुळे माफ कसे होतात? करदात्याच्या पैशाने बिल्डरचे ऋण फेडण्याची ही कोणती रीत?

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे: न्यायालयात वर्षे जातात, आज हाती येईल ते गरिबाला घेऊ द्या. इंदूरकराला हे नाकारता येत नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मोकळे झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. बत्तीस वर्षे. त्या कामगारांना संघटना होती, हजेरीपट होता, नावाचा बिल्ला होता. तरी ही गत. मग नाव-गाव नसलेल्या मजुराने कोणत्या भरवशावर थांबावे?

परंतु ‘आज थोडे’ आणि ‘उद्या हक्काचे’ यांतून एकच निवडावे लागते, हे गृहीतच चुकीचे आहे. मालक जेवढी जबाबदारी मान्य करतो तेवढी रक्कम त्याने ताबडतोब द्यावी, बाकीचा वाद नंतर चालावा, अशी सोय कायद्यात आहे. जखमीने पैसे जरूर घ्यावेत. पावतीवर ‘भरपाईपोटी आगाऊ’ एवढे दोन शब्द असावेत. या दोन शब्दांसाठी त्याच्या खाटेशेजारी एक लिहिता-वाचता माणूस उभा असला पाहिजे. आमचे सारे म्हणणे याच माणसाविषयी आहे.

तो माणूस कायद्याने द्यावयाचा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, स्त्री, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. आपल्या शहरातील मजूर पीठ्यांवर पहाटे उभे राहणारे किती तरी लोक झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी येथील भिल्ल आणि भिलाला आहेत. म्हणजे ज्यांना वकील मिळत नाही असे आपण समजतो, त्यांतील फार मोठ्या वर्गाला तो आधीच मंजूर आहे. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच ठेवला आहे. आणि गंमत अशी की मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे मुख्य कार्यालय भोपाळला नाही, आपल्या इंदूरलाच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

प्राधिकरणाची खोली न्यायालयाच्या आवारात आहे आणि जखमी रुग्णालयात आहे; या अंतरात दलाल उभा आहे. भरपाईत हिस्सा ठरवून खटला घेणे वकिलांना त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनीच मना आहे, दलालाला कोणताच नियम नाही. दाव्याला मुदत असते, पण मुदतीच्या फार आधी पुरावा संपतो. टोळीतील साथीदार आपापल्या गावी पांगतात, मोडलेली परांची दुसऱ्या दिवशी उतरवली जाते, मुकादमाची वही सापडेनाशी होते. म्हणून आमची मागणी एवढीच आहे की, बांधकामावरील अपघाताची पोलिसी नोंद जेथे होते, त्या रुग्णालयात प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक रोज बसावा आणि त्या नोंदीची एक प्रत त्याच दिवशी त्याच्याकडे व कामगार विभागाकडे जावी. याला नवा कायदा नको, नवी इमारत नको. एक खुर्ची आणि एक आदेश पुरे.

मदतीने काय घडते याचे उदाहरण ओडिशातील जेपूरचे आहे. तेथे एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६९ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही अंशतः हानी, असे मालकाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सुताराच्या बाबतीत ही संपूर्ण हानी होय. आणि देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते. हा निकाल आजही मार्गदर्शक आहे. परंतु त्याचा उपयोग करायला कोणीतरी तो जखमीच्या वतीने वाचावा लागतो.

आता थोडे आपल्याविषयी. आपली घराणी होळकरशाहीत येथे आली ती कारकुनी, वकिली आणि न्यायदानाच्या कामावर. अर्ज लिहिणे हा आपला पिढीजात धंदा. ज्यांच्या नावाने आपले बसस्थानक ओळखले जाते, ते तात्या सरवटे संविधान सभेचे सदस्य होते. त्या परंपरेचे निवृत्त न्यायाधीश, वकील, अभियंते आणि अधिकारी आज घरोघरी आहेत. सकाळी फिरायला जातात आणि व्यवस्थेला दोष देतात. मृत्यूची माहिती कोणत्याही मार्गाने मिळाली तरी मालकाकडून खुलासा मागविण्याचा अधिकार १९२३ च्या कायद्याने अधिकाऱ्याला दिला होता, आणि तो संहितेतही राखला आहे. ‘कोणत्याही मार्गाने’ यात आपले एक पत्रही येते. बातमीचे कात्रण लावून चार ओळी लिहायला कोणती सवड लागते?

आणि जो आपला वाडा बिल्डरच्या हवाली करतो, त्याने करारात आपल्या सदनिकेच्या फरशीचा रंग लिहून घेण्यापूर्वी मजुरांचा विमा आणि नोंदणी लिहून घ्यावी, विम्याची प्रत मागावी. वास्तुशांतीला आपण गवंड्याला नारळ आणि उपरणे देतो. ती रीत चांगलीच आहे. परंतु मान देण्यापूर्वी देणे द्यावे लागते. आपल्या नव्या घराच्या पायात कोणाचे बुडविलेले देणे गाडलेले नाही, याची खातरजमा ज्याची त्याने करावी. ती न करता केलेली वास्तुशांती आम्हाला तरी अपुरी वाटते.