कोतेलपाशीच परत फिरू नका

मराठी वर्गाची सहल जेरुसलेमला निघाली की मुले कोतेलच्या दगडांत चिठ्ठ्या खोचतात, फोटो काढतात आणि बसकडे परततात. कोतेल आधी हवेच. पण जुने शहर जेमतेम एक चौरस किलोमीटरचे. एवढ्या जागेत तीन धर्मांची पवित्र स्थळे असताना पूर्ण दिवस काढून मुलांना शेजाऱ्यांची स्थळेही दाखवावीत, असे माझे मत आहे.

काही पालक म्हणतात, "मुलांना आपलेच नीट ठाऊक नाही, दुसऱ्यांचे कशाला?" शंका रास्त आहे. पण इथे आपले आणि दुसऱ्यांचे वेगळे काढणेच कठीण. सियोन डोंगरावर एकच इमारत पाहा. खाली दावीद राजाची कबर मानली जाते. वरच्या खोलीत येशूचे शेवटचे भोजन झाले, असे ख्रिस्ती मानतात. त्याच खोलीत मक्केची दिशा दाखवणारा मिहराब आहे, कारण तुर्की अमलात तिथे मशीद होती.

येशूच्या कबरीवरच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथ उपासना करतात. किल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे आहे. दर्शनी भिंतीवरची लाकडी शिडी शेकडो वर्षे तिथेच आहे, कारण सर्वांच्या संमतीशिवाय ती हलवता येत नाही. एकत्र राहणे सोपे नसते, हेही मुलांना कळावे. चर्चच्या आत जाणे ज्यांना धर्मदृष्ट्या मान्य नाही, त्यांनी अंगणात थांबावे. शिडी तिथूनही दिसते.

मंदिराच्या डोंगरावर जाण्यास मुख्य रब्बींच्या संस्थेची मनाई आहे. ती पाळून जैतून पर्वतावरून पाहावे. इ.स. ६९१च्या सुमारास पुरा झालेला सोनेरी घुमट समोर दिसतो आणि पूर्वेच्या तटातला बुजवलेला दरवाजाही. त्याला हिब्रूत शाअर हारहमीम आणि अरबीत बाब अर्‌-रहमा म्हणतात. अर्थ एकच, दयेचे द्वार. हे नाव आपल्या ओळखीचे आहे. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेल्या प्रार्थनामंदिराचेही नाव हेच. आपले वाडवडील प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. जवळच्या मशीद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. शेजाऱ्यांचा शब्द घेतला म्हणून कोणाचा शब्बाथ मोडला नाही.

कोकणातल्या शेजाऱ्यांनी तरी आपल्याला काय नाव दिले? शनवार तेली. आपला घाणा कोणत्या दिवशी बंद असतो, हे त्यांच्या ध्यानात होते. शेजाऱ्याचा पवित्र दिवस ठाऊक असणे, ही आदराची पहिली पायरी. जेरुसलेममध्ये असे तीन दिवस लागोपाठ येतात: शुक्रवार, शनिवार, रविवार. म्हणून सहल सोमवार ते गुरुवारात ठेवावी. अंगभर कपडे घालावेत. प्रार्थना चालू असेल तिथे फोटो काढू नयेत.

प्रत्येक मुलाने एक जागा निवडून तिची माहिती बरोबरच्या आजी-आजोबांना मराठीत सांगावी. वडीलधाऱ्यांनी आपल्या गावी शेजारी कोण होते आणि सणाला कोणाच्या घरून काय येत असे, ते सांगावे. शेजारधर्म हा शब्द आपल्याला मराठीने दिला. तो मुलांना समजावून द्यायला जेरुसलेमहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.