पाऊण तासाचा एकांत

वर्गांत एखादा विद्यार्थी गप्प गप्प बसूं लागला, कीं मागच्या बाकावरून हळूच शब्द येतो, “याला ठाण्याला पाठवा रे!” ठाण्यांतच राहून ठाण्यास पाठविण्याची ही थट्टा नवी नव्हे. आमच्या शहरांतील मनोरुग्णालय १९०१ सालीं उघडलें, त्यावरून ती निघाली. थट्टा करणारा विसरून जातो. ज्याची होते तो मात्र आपलें दुःख कोणाजवळ बोलूं नये, एवढें पक्कें शिकतो.

परीक्षेच्या भयानें पोटांत गोळा येणें, आठवडेच्या आठवडे कशांतच मन न लागणें, आपण कोणत्याच कामाचे नाहीं असें वाटणें, यांस वेड म्हणत नाहींत. जाणत्या माणसाजवळ वेळेवर बोललें असतां यांतील पुष्कळ गांठी सैल होतात, आणि असा माणूस आतां टेलिफोनवर व व्हिडिओवरही भेटतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो व तेथें मराठींत बोलतां येतें. महाराष्ट्रांतील तिच्या केंद्रांपैकीं एक ठाण्यासच आहे. तेव्हां ‘ठाण्याला पाठवा’ याचा अर्थ मागच्या बाकानें आतां असा घ्यावा! आपल्या नौपाड्यांत डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापिलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्थाही आहे. परंतु अशा दारांत शिरतांना ओळखीचें कोणी पाहील, या धास्तीनें मागें फिरलेले पालक आम्हांस ठाऊक आहेत. टेलिफोनवर ती धास्ती उरत नाहीं.

इंग्लंडांत चॅड व्हारा नांवाचे एक पाळक होऊन गेले. १९३५ सालीं, धर्मसेवेच्या आरंभींच, त्यांच्यावर चौदा वर्षांच्या एका मुलीच्या दफनविधीचा प्रसंग आला. वयांत येतांना शरीरांत होणारा स्वाभाविक बदल तिनें भयंकर रोग समजला. विचारावयास कोणी नव्हतें. तिनें जीव दिला. अठरा वर्षांनीं, १९५३ सालीं, त्याच पाळकांनीं लंडनमधील आपल्या देवळांतून संकटांत सांपडलेल्यांसाठीं टेलिफोन सुरू केला, व त्यांतून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. तेथें उपदेश करावयाचा नसतो, ऐकावयाचें असतें. उपदेशाची खोड आम्हां शिक्षकांस फार, म्हणून ही गोष्ट आम्हीं आधीं स्वतःस सांगितली.

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचें समुपदेशन मोबाइलवर सुरू झालें. (घरचा तपशील बदलून सांगत आहों.) दोन खोल्यांचें घर, आजी अंथरुणास खिळलेली, आई स्वयंपाकघरांत, धाकटी बहीण पुस्तक घेऊन समोर. मुलगा जिन्याच्या वळणावर बसून बोले. कोणी वर येऊं लागलें, कीं “हो, गणित झालें” असें म्हणे. तिसऱ्या खेपेनंतर त्यानें बोलणेंच सोडलें. पलीकडच्या माणसास वाटलें, मुलगा सुधारला!

पालक म्हणतात, “मोबाइल काढून घ्या असें तुम्हींच सभेंत सांगितलें, आणि आतां तोच घेऊन दार लावूं द्या म्हणतां?” आक्षेप खरा आहे. आम्हीं सरसकट सांगितलें, ती आमची चूक. रात्रभर चित्रफिती पाहणें निराळें, आणि आठवड्यांतून पाऊण तास समुपदेशकाशीं बोलणें निराळें. तो कोण, शिकला काय, ही चौकशी आधीं अवश्य करावी. पाटी काय, कोणीही लावतो. चौकशी झाल्यावर मात्र दार लोटून घ्यावें, आणि मूल बाहेर आलें कीं “काय काय विचारलें?” हा प्रश्न गिळावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें उपचाराच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे. घरानेंही थोडा करावा. जिवास धोका दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हां पालकांस कळविणें हें समुपदेशकाचें कर्तव्यच आहे, आणि पालकांनीं मुलास क्षणभरही एकटें न सोडतां रुग्णालय गांठावें.

आणि ज्यांच्या घरीं लोटावयास दारच नाहीं, त्यांचें काय? नौपाड्यांत मनोरे उठले, तरी एका खोलीचे संसार अजून आहेतच. अशांस शाळेनें जागा द्यावी, असें आमचें मत आहे. ग्रंथालयामागची नकाशांची खोली चारनंतर रिकामी असते. तिला कडी आहे, पंखा आहे. आम्हीं मुख्याध्यापकांस तसा अर्ज केला आहे. जिन्यावर बसणाऱ्या मुलास पहिली वेळ द्यावी, असें त्यांत लिहिलें आहे. नांव लिहिलेलें नाहीं.